एक हजार तीन

बटण दाबल्यावर लॅपटॉप किंचित गुरगुरला, त्याच्या कडेचा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. मग त्या काळ्यावर वरच्या कोपऱ्यात इंग्रजीतली एक बारीक पांढरी ओळ उमटली. तिचा अर्थ एवढाच, की सुरू करण्याजोगं आत काही सापडलं नाही. ओळीखाली एक छोटी रेघ लुकलुकत राहिली, कुणी उत्तराची वाट बघत बोटानं टेबल वाजवावं तशी. यात दचकण्यासारखं काही नव्हतं. लॅपटॉप तिनं कोराच मागून घेतला होता. दुकानातल्या माणसानं पुन्हापुन्हा विचारलं होतं, "मॅडम, आत काहीच नसेल हं. नंतर तक्रार घेऊन यायचं नाही." आणि तिनं ठसक्यात सांगितलं होतं, की आत काही नसलेलाच पाहिजे, मला लिनक्स घालायचंय. त्यानं मग शेजारच्या माणसाकडे असं पाहिलं होतं, की जणू बाईंनी छप्पर नसलेलं घर मागितलंय. तरी आता ती ओळ वाचून तिला चुकल्यासारखं वाटलं. रिकामी बादली भरलेली समजून उचलली, की हात जसा नको तेवढा वर जातो, तसं. उगाच स्वतःवर ओढून घेऊ नकोस, ती स्वतःला म्हणाली. यंत्राला सापडलं नाही ते यंत्राचं. पण म्हणेपर्यंत तिचा हात फोनकडे गेला होता आणि पलीकडे रिंग वाजायला लागली होती.

खरं तर तिला कुणाची गरज नव्हती. लिनक्सचा पेनड्राइव्ह तिनं मागच्याच आठवड्यात तयार करून खणात, सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला होता. सुरू होताना कुठली कळ टकटक दाबत राहायची, तेही पाठ होतं. पण सासरच्या घरात इतकी वर्षं कोऱ्या यंत्रात जीव घालायचं काम एकाच माणसाचं होतं, आणि ते काम दुसऱ्या कुणी करायचं नसतं ही गोष्ट कुणी न सांगता सगळ्यांना कळलेली होती. पलीकडून फोन उचलला गेला आणि मगच तिच्या लक्षात आलं, की हाक काय मारायची ते ठरवलेलंच नाही. नवऱ्याला माजी म्हणता येतं. सासऱ्यांना माजी म्हटलं, की ते निवडणुकीत पडल्यासारखे वाटतात.

"मी बोलतेय," ती म्हणाली.

"मी म्हणजे कोण?" हे ते पूर्वीही विचारत, थट्टेनं. आवाज ओळखूनसुद्धा. आता थट्टा होती की नव्हती ते कळेना.

"लॅपटॉप घेतलाय नवीन. कोरा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "कोरा? शाबास! पेनड्राइव्ह आहे का तुझ्याकडे?"

"नाही," तिनं खणाकडे पाहत सांगितलं.

"मग मी आणतो. रविवारी येतो. आणि तुझं सगळं सामानही त्यातच घालून आणतो. इथंच पडलंय ना अजून."

फोन ठेवल्यावर तिला आधी बरं वाटलं आणि मग ते शेवटचं वाक्य पायात काटा राहावा तसं रुतून राहिलं. इथंच पडलंय ना अजून. सामान म्हणजे तिचं त्या घरच्या कॉम्प्युटरवरचं खातं, त्यातल्या फायली. सही-शिक्क्याचं सगळं मागच्या वर्षीच उरकलं होतं, भांडीकुंडी, कपडे, तिची शिलाई मशीन, सगळं टेम्पोतून आलं होतं. राहिलं होतं ते हे एवढंच. ते एकदा हाती पडलं, की कुणी कुणाचं काही देणं लागणार नव्हतं आणि मग त्या माणसाला इथं यायला आणि तिला फोन करायला कुठलंच कारण उरणार नव्हतं. शेवटचं कारण तिनं स्वतःच फोन करून वापरून टाकलं होतं. आठवडाभर ती कामावर औषधांच्या खोक्यांतल्या घडीच्या कागदांची पानं कॉम्प्युटरवर लावत होती, ते कागद जे कुणीही कधी वाचत नाही. मुंगीएवढ्या अक्षरांत दुष्परिणामांची यादी बसवताना तिला वाटत राहिलं, की लॅपटॉपचं काम नीट पार पडलं तरी पंचाईत आणि नाही पडलं तरी पंचाईत.

रविवारी ते आले ते जिन्यात धापा टाकत, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात टोपी. आत येऊन त्यांनी तिच्याकडे न बघता आधी भिंतीवरचा स्विचबोर्ड बघितला. तो हलतोय का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग दिवाणखान्यातले खिळे मोजावेत तसे बघत राहिले. "हे सगळे आधीच्या भाडेकरूचे?" ते म्हणाले. "इतकं काय टांगत होता?"

"मलाही तेच वाटतं. बहुतेक स्वतःला."

ते हसले. आवाज न करता, खांदे हलवत. ते खांदे बघून ती पाणी आणायला आत गेली.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची उभी हयात गेली होती. हजारो तारांच्या जंगलात कानाला फोन लावून, कुठली लाइन जिवंत आहे आणि कुठली मेली ते ओळखायचं. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, देवाचं करतात. यांनी लिनक्स धरलं. पुस्तकं आणून, चुकतमाकत, घरातला कॉम्प्युटर कितीदा तरी पार पुसून. सासूबाई म्हणायच्या, "दुसऱ्या बायकांचे नवरे दारूपायी घर पुसतात, आमचे हे असे." ती लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा तिला सगळ्यात आधी दाखवलं गेलं ते पॅसेजमधलं हे यंत्र. तिला आठवतं, तिच्या हातात अजून रुमाल होता, कपडे कुठल्या कपाटात ठेवायचे ते ठरलं नव्हतं, आणि सासरे तिला खुर्चीवर बसवून समजावून सांगत होते. यंत्राला नावं कळत नाहीत गं. नावं आपल्यासाठी. ते माणसाला आकड्यानं ओळखतं. पहिला माणूस एक हजार, तो मी. एक हजार एक ही. एक हजार दोन आमचे चिरंजीव. आणि तू एक हजार तीन. तुझ्या प्रत्येक फाइलवर आत हा आकडा कोरलेला असणार. तुझ्या कप्प्यात दुसऱ्या कुणाला जाता येणार नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. मग थोडं थांबून, प्रामाणिकपणानं, ते म्हणाले होते, "मला येतं म्हणजे. सगळी कुलपं उघडता येतात मला. पण उघडायची नाहीत, हेच तर माझं काम." तिनं मान डोलावली होती. काहीही कळलं नव्हतं. फक्त एवढंच कळलं होतं, की या परक्या घरात, जिथे पांघरूणसुद्धा दोघांत एक होतं, तिथे एक जागा तिची एकटीची आहे, आणि ती तिला नवऱ्यानं नाही, या माणसानं दिलीये. पुढं त्याच जागेत ती पानं लावायला शिकली. कुणी शिकवलं नाही. दुपारी घर निजलं, की बसायची. आज जे काही कमावते, ते त्या पॅसेजमधल्या दुपारींचं.

"कळ कुठली याची?" सासरे विचारत होते.

"बहुतेक वरच्या ओळीतली बारावी," ती बोलून गेली आणि जीभ चावली.

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबलं आणि बाराव्या कळेवर बोट ठेवून सुताराच्या हातोडीसारखं टकटक करत राहिले. काळ्या पडद्यावर या वेळी ती ओळ आली नाही. आधी खूप अक्षरं पावसासारखी वरून खाली पडली, मग थांबली, मग एक शांत निळा रंग आला. नव्या प्लॅस्टिकचा वास खोलीत पसरला होता आणि लॅपटॉपच्या पोटातून कोमट वारा तिच्या मनगटावर येत होता. तिला तो वारा आवडला. कुणीतरी झोपेतून उठून पहिला श्वास सोडावा तसा. सासरे बसले होते अगदी कडेवर, अर्ध्याच खुर्चीवर, पाहुणा बसतो तसे. तिच्या ते नजरेला टोचत होतं. त्या घरी ते खुर्चीत मांडी घालून बसायचे आणि सासूबाई त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायच्या.

"डिस्कचे दोन भाग करतो," ते म्हणाले. "एकात यंत्रणा, एकात घर. उद्या यंत्रणा बिघडली, कंटाळा आला, फेकून दिली, तरी घराला धक्का लागत नाही. नवी यंत्रणा आणून त्याच घरावर बसवायची."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणा तुला." ते जरा ओशाळले. "सवय लागलीये. घरी कुणाला सांगायला उरलं नाही ना. हिला सांगितलं, की ही म्हणते, मला पत्त्यांचा डाव तेवढा उघडून द्या."

सासूबाईंचं नाव निघालं तशी ती चहा टाकायच्या निमित्तानं उठली. त्यांच्याबद्दल काय विचारायचं आणि कसं, हे तिला अजून जमलं नव्हतं. ती तिथून निघाली त्या दिवशी सासूबाई आतल्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या. ती दारात उभी राहिली. त्यांनी एक चादर घडी केली, दुसरी केली, तिसरीची टोकं जुळेनात म्हणून झटकून पुन्हा पहिल्यापासून धरली, पण मान काही वर केली नाही. तेव्हापासून त्यांचा आवाज तिनं ऐकला नव्हता. नवऱ्याशी फाटलं त्याचं तिला आता तितकं वाटत नव्हतं. त्यांच्यात भांडण असं कधी झालंच नाही. वाईट माणूस नव्हताच तो. चहाचा कपसुद्धा तो आठवणीनं विसळून ठेवायचा. फक्त वर्षामागून वर्षं बोलणं आटत गेलं. सासऱ्यांनीच एकदा जेवताना, ताटाकडे बघत, म्हटलं होतं, लाइन चालू आहे, टोन येतोय, बोलत कुणी नाही. त्यावरही कुणी बोललं नाही. नवरा सुटतो, त्याला कायदा आहे, वकील आहे, कागद आहे. सासूला सोडायचं कलम कुठल्या कायद्यात असतं? चहा उतू जायला आला तेव्हा तिला कळलं, की आपण गॅसकडे बघत नसून खिडकीतून समोरच्या इमारतीच्या जिन्याकडे बघतोय. तिथून एक बाई वर चढत होती आणि प्रत्येक मजल्यावर क्षणभर दिसून नाहीशी होत होती.

कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा काम झालं होतं. लॅपटॉप एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता आणि पडद्यावर, कोण बसणार आहे ते विचारणारी पाटी आली होती. एकाखाली एक गोल चेहरे, नाक-डोळे नसलेले, करड्या रंगाचे. प्रत्येकापुढे नाव. बाबा. आई. चिरंजीव. सूनबाई.

स्वतःच्या घराचं दार उघडावं आणि आत नेमक्या ओळखीच्या चपला दिसाव्यात, तसं झालं. राग नव्हता तो. घरभाडं ती भरते, खिळे तिचे नसले तरी भिंत तिची, आणि या तिच्या एकटीच्या यंत्रात चिरंजीव तिसऱ्या नंबरवर आपले शांतपणे बसलेले, चेहरा नसलेले, नेहमीसारखे. तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे चुरचुरले. सासऱ्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि मग त्यांचे कान लाल होत गेले.

"अरे, हे काय करून बसलो मी," ते म्हणाले. "क्रमानं गेलो गं. तुझ्या फायलींवर एक हजार तीन आहे. तुझा आकडा जुळायला पाहिजे, म्हणून आधी मी, मग ही, मग... हात आपोआप गेले. घरी दरवेळी असंच करतो."

"असू दे."

"असू दे काय? थांब. सगळं पुसतो. तुला पहिला नंबर देतो. एक हजार. फायलींची मालकी बदलायला एक ओळ पुरते, तेच आधी करायला हवं होतं. दुसऱ्याच्या घरात येऊन आपलं सगळं खटलं मांडून ठेवलं. म्हातारपण दुसरं काय." ते भराभर बोलत होते आणि पुढे वाकून कळा शोधत होते. "आमचं काय काम इथं? तुझं यंत्र, तुझं घर. तुझं तुला मिळालं, की झालं. मी निघतोच."

झालं. हाच शब्द ती आठवडाभर टाळत आली होती. तिनं कप खाली ठेवला. एक ओळ लिहायची आणि ती पहिली होणार, एकटी, एक हजार, वर कुणी नाही, शेजारी कुणी नाही. तिला दुकानातला माणूस आठवला आणि आत काहीच नसेल हं, हे त्याचं बजावणं. कोरं मागितलं होतं हे खरं. पण कोरं घेतो आपण, ते त्यात आपल्याला हवं ते आणि हवं तेच घालता यावं म्हणून. नको ते काढताना हवं तेही त्यासोबत फेकायचं, असं कुठं लिहिलंय?

"थांबा," ती म्हणाली. "तिसरा तेवढा काढा."

"आणि?"

"आणि काही नाही. तुम्ही दोघं राहा."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले. "मध्ये भोक पडेल," ते म्हणाले. "शून्य, एक, तीन."

"यंत्राला चालतं का?"

"यंत्राला काय? त्याला सगळंच चालतं. आमच्या एक्स्चेंजला कुणाचा फोन बंद झाला ना, की तो नंबर आम्ही लगेच दुसऱ्याला देत नसू. गार पडू द्यायचो. नाहीतर जुन्या माणसाचे फोन नव्याला येत राहतात. अमके आहेत का? नाहीत. तमके आहेत का? नाहीत. बिचारा वैतागून जातो."

"इथं देईल का ते कुणाला तो नंबर?"

"आपण सांगितल्याशिवाय नाही."

"मग पडू दे गार."

त्यांनी पडद्यावर आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली आणि खातं काढायची ओळ टाइप केली. एकेक अक्षर, दोन बोटांनी. ओळ पुरी झाली आणि हात कळांवरून उचलून त्यांनी गुडघ्यांवर ठेवले.

"तू दाब," ते म्हणाले.

"तुम्हीच दाबा की."

"मुलगा आहे गं माझा." मग स्वतःच्याच बोलण्याला हसून, "यंत्रातून काढतोय, कळतं मला. तरी तूच दाब."

तिनं दाबलं. पडद्यावर काही आलं नाही. शाबासकी नाही, निरोप नाही. लिनक्सचा हा स्वभाव तिला फार पूर्वीपासून आवडायचा, काम झालं की ते गप्प बसतं. सासऱ्यांनी चहा बशीत न ओतता सरळ कपानं प्यायला आणि पिता पिता, बहुधा त्यांच्या ध्यानातही आलं नसावं, खुर्चीत मागे सरून एक पाय वर घेतला. तिनं तो पाय पाहिला आणि नजर वळवली, पक्षी उडून जाईल म्हणून वळवतात तशी.

"आता पासवर्ड," ते म्हणाले. "माझा घातला. हिचा राहिला." आणि नेमका तेव्हाच त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढून हातभर लांब धरला. "हीच आहे. हिला सांगितलंय, डोळे तपासायला चाललोय." कानाला कमी ऐकू येत असल्यानं त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असे.

"डोळे तपासून झाले का?" सासूबाईंचा आवाज खोलीभर पसरला. तोच आवाज, खडीसाखरेच्या पुडीत दगड निघावा तसा.

"होत आलेत."

"रविवारी कुठला डॉक्टर बसतो?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले.

"आणि डोळे तपासायला जाताना माणूस पेनड्राइव्ह नेतो का? मला काय तुम्ही खुळी समजता? द्या फोन तिच्याकडे."

"कुणाकडे?"

"जिच्या घरी डोळे तपासताय, तिच्याकडे."

फोन तिच्या हातात आला. गरम होता. पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली आणि विरली.

"आई," ती म्हणाली. हाक ठरवावी लागली नाही.

"हं. चहा दिलास त्यांना?"

"दिला."

"साखर?"

"अर्धा चमचा."

"एक मागितला असेल."

"मागितला. दिला नाही."

"बरं केलंस." त्या आता फोन ठेवणार असं वाटून तिनं घाईनं सांगून टाकलं, "आई, नव्या लॅपटॉपवर तुमचंही खातं केलंय."

"माझं? तुझ्या यंत्रावर?"

"हो. बाबांचं, तुमचं आणि माझं."

तिघंच, हे पलीकडे पोहोचायला वेळ लागला. पोहोचलं ते मात्र कळलं. श्वास वेगळा झाला. "मी काय करू त्यावर?" सासूबाई म्हणाल्या, पण आवाजातला खडा जरा विरघळला होता.

"पत्ते खेळा. मी डाव उघडून देईन. फक्त पासवर्ड सांगा, बाबा घालतायत."

"असा फोनवर कसा सांगू? गुप्त असतो ना तो?"

"मलाच तर सांगताय."

"तुला सांगितला, यांनी ऐकला, मग गुप्त काय राहिलं? पासवर्ड आहे तो, वाण्याची यादी नाही." थोडं थांबून, दुसरीकडेच बघत बोलल्यासारख्या, त्या म्हणाल्या, "मी येऊन घालीन. गुरुवारी. संध्याकाळी घरी असतेस ना?"

"असते."

"मजला कितवा?"

"तिसरा. लिफ्ट नाहीये."

"मला काय झालंय चढायला? त्यांना सांग, येताना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पावती आणा." फोन बंद झाला.

तिनं तो टेबलावर ठेवला. पडद्यावर तीन चेहरे होते आणि मधल्याला अजून कुलूप होतं. सासरे कपाच्या तळाशी उरलेला चहा उगाच फिरवत होते.

"मला तर ठाऊक आहे तिचा पासवर्ड," ते हळूच म्हणाले. "वर्षानुवर्षं एकच आहे. मीच घालून दिलेला. तुलाही ठाऊक असेल."

"मला नाही ठाऊक," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला.

"मलाही," ते म्हणाले. "मलाही नाही ठाऊक."